ग्लोरियाबाईंचा फळा

"पिशवी?"

ग्लोरियाबाई एवढंच विचारायच्या. या-बसा नाही, काय हवंय नाही. काउंटरच्या पलीकडून चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "पिशवी?" समोरचा माणूस टॉवरमधला बडा साहेब असो की गल्लीच्या तोंडाशी बसणारा भाजीवाला, गृहपाठ विसरलेल्या मुलासारखा खिसे चाचपायला लागायचा.

बाईंची हयात परळच्या एका शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली होती. सातवीत मीही त्यांच्या हाताखाली होते. पुढे त्यांचे वडील वारले, आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावरची त्यांची पावाची बेकरी बंद पडायची वेळ आली, तेव्हा बाईंनी मुदतीआधीच शाळा सोडली आणि काउंटरवर येऊन उभ्या राहिल्या. लग्न केलेलं नव्हतं. घर ईस्ट इंडियन, मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांपैकी. घरात मराठीच, पण तिला किनाऱ्याचा हेल. एरवी बाई शाळेतलं चोख मराठी बोलायच्या. घाबरल्या किंवा कळवळल्या की ते गळून पडायचं आणि "काय गो" सुरू व्हायचं.

बेकरी हातात आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती वडिलांची लाकडाची भट्टी विझवण्याची. भट्टीत पाडलेल्या चाळींची दारं-खिडक्या जळायच्या, रंगासकट. वडिलांच्या वेळचे कारागीर मुश्ताकभाई दोन दिवस बोलले नाहीत. बाईंच्या वडिलांना ते अब्बा म्हणत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, अब्बाने ये आग कभी बुझने नहीं दी थी." बाई म्हणाल्या, "आणि अब्बांचा खोकला? तो तरी कुठे थांबला कधी?" मुश्ताकभाईंनी विजेच्या ओव्हनला शेवटपर्यंत 'कपाट' म्हटलं, पण ते त्या कपाटापाशी राहिले.

मग बाई मैद्यामागे लागल्या. गहू आपल्या राज्यातला, दळण गल्लीतल्याच गिरणीतून. सोलापूरकडची ज्वारी, कोकणातली नाचणी, कोल्हापूरचा गूळ. वसईहून त्यांची भाची सुकेळी आणायची, वाळवलेली केळी. ती घालून केलेला त्यांचा केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागायचा. पाव सुरुवातीला इतके घट्ट व्हायचे की गल्लीत त्यांना विटा म्हणत. बाई ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या घाण्यात पाणी वाढवायच्या. वर्षभरात विटांचे पाव झाले आणि सकाळी रांग लागायला लागली.

एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या नेहाला वाढदिवसाला स्ट्रॉबेरीचा केक हवा होता. जून महिना. नेहाची आई ऑर्डर द्यायला आली तर बाई म्हणाल्या, "स्ट्रॉबेरी जूनमध्ये कुठे पिकते सांग. सांग ना, तू माझ्याच वर्गात होतीस."

"बाई, बाजारात मिळते हो."

"बाजारात सगळंच मिळतं. जांभळाचा करते. नाही आवडला तर मी वरती येऊन माफी मागेन."

संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगच्या जिभा जांभळ्या झाल्या होत्या. नेहाने जीभ काढून फोटो काढून घेतला. तो फोटो बाईंनी काउंटरच्या काचेखाली ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. बाईंचं खरं रूप मला तेव्हा दिसायचं. हट्टी होत्या, पण त्यांच्या हट्टात लोकांचा हातही धरलेला असायचा.

आणि फळा होता. शाळेतून निघताना जुना म्हणून टाकून देणार होते, तो बाईंनी मागून आणला आणि काउंटरशेजारी टांगला. डाव्या बाजूला त्या दिवशीचं धान्य कुठून आलं ते. उजव्या बाजूला, चौकोन आखून, 'आजचे प्लास्टिकवाले'. कोणी प्लास्टिकची पिशवी घेऊन आलं की बाई ती जप्त करून कोपऱ्यातल्या पिंपात टाकायच्या, खिळ्यावरची चादरीची शिवलेली पिशवी उसनी द्यायच्या आणि नाव विचारून चौकोनात लिहायच्या. संध्याकाळी फळा पुसायच्या. गल्लीला याची मजा वाटायची. नवऱ्याचं नाव लागलं की बायका मुद्दाम बघायला यायच्या. टॉवरच्या सोसायटीचे चेअरमन एकदा गाडीतून उतरून आले, नाव लिहिल्यावर चिडले, उसनी पिशवीही घेईनात आणि ब्रेड वर्तमानपत्रासारखा काखेत मारून निघून गेले. रांग खोखो हसली. दुसऱ्या दिवशी चेअरमन कापडी पिशवी फडकावत आले, तेव्हाही हसली. बाईंना हे आवडायचं. रांगेवर त्यांची पकड होती, वर्गावर असायची तशी, आणि ती पकड त्यांना सुखाची वाटायची. हे मी आज म्हणते. तेव्हा आम्हाला सगळं कौतुकाचंच वाटत होतं.

ज्ञानोबा आले ती सकाळ थंडीतली होती. रांगेत माझ्यापुढे तीन-चार जण, त्यांच्यापुढे ते. मळका पांढरा शर्ट, पायजमा, डोक्याला मफलर. आमची गल्ली हॉस्पिटलपासून दूर नाही. गावाकडून पेशंट घेऊन आलेली माणसं तिथे फुटपाथवर महिनोन् महिने राहतात. चेहऱ्यावरून ती ओळखू येतात. त्या दिवशी बाईंनी चेहरा बघितला नाही.

"पिशवी?"

त्यांनी खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. नवी होती, घडी घातलेली.

"दोन पाव द्या बाई. नरम बघून द्या."

बाईंनी पिशवी त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली. "ही इथे चालत नाही."

"न्हाई, शिस्टरनं सांगितलंय की बंद..."

"सिस्टर असो नाहीतर डॉक्टर. माझ्या दुकानात मी हेडमास्तर." रांगेत कोणीतरी हसलं. पिशवी पिंपात गेली. बाईंनी खडू उचलला. "नाव?"

ज्ञानोबा ताठ उभे राहिले. हॉस्पिटलच्या खिडक्यांपुढे उभं राहून राहून सवय झाली असणार. "पूर्ण नाव सांगू का?"

यावर आम्ही सगळेच हसलो. बाईही हसल्या. "पहिलं पुरे. जास्त जागा नाही फळ्यावर."

"ज्ञानोबा."

बाईंनी 'ज्ञानोबा' असं वळणदार अक्षरात लिहिलं. मग खिळ्यावरची पिशवी काढली आणि पाव भरायला वळल्या. परत वळल्या तेव्हा पुढे कोणी नव्हतं. ते रांगेच्या कडेने, आमच्याकडे न बघता, बाहेर पडले होते.

"गेला रुसून," मागून कोणीतरी म्हणालं.

ओव्हनपाशी ट्रे काढणारे मुश्ताकभाई थांबले होते. "बाई, वो कुछ बोल रहा था. सुन लेना था."

"उद्या येईल कापडी पिशवी घेऊन," बाई म्हणाल्या. "सगळे येतात."

संध्याकाळी मी ऑफिसातून परतताना टोस्ट घ्यायला थांबले, तेव्हा सुलभामावशी तिथे होत्या. मावशी हॉस्पिटलात आयाचं काम करायच्या, मागच्या चाळीत राहायच्या. मालवणकडच्या. ड्युटी संपली की बाईंकडे चहात बुडवून एक नानकटाई खायची हा त्यांचा नेम. खाता खाता त्या फळ्याकडे बघायला लागल्या.

"गो बाई, ह्यो ज्ञानोबा हय खंयसून इलो?"

"कुठून आला म्हणजे? कोण ज्ञानोबा?" बाई म्हणाल्या. फळा पुसायला त्यांनी फडकं हातात घेतलं होतं.

"मफलरवाला? उंच, बारीक? अहो, माझ्या वॉर्डातल्या बाईचा घरवाला तो." मावशींनी बशी खाली ठेवली. "किती दिवस तिच्या पोटात अन्न नाही. तोंड आतून सगळं सोललंय. काल रात्री म्हणाली, दुधात भिजवून पाव खाईन. सिस्टरनी सांगितलं, आणा, पण उघडा नको, पिशवीत बांधून आणा, हिला आता काही लागण व्हायला नको. सिस्टरनीच नवी पिशवी दिली. मी सांगितलं त्याला, आमच्या गल्लीत बेकरी आहे, तिथला पाव ताजा असतो."

बाईंचा फडक्याचा हात फळ्याजवळ थांबला.

"तर हा सकाळी गेला नि हात हलवत परत. बायकोला म्हणाला, बेकरी बंद होती. मी म्हटलं, बंद कशी असेल? मला वाटलं, चुकला असेल गल्ली." मावशींनी पुन्हा फळ्याकडे बघितलं. मग बाईंकडे. मग माझ्याकडे. त्यांना सगळं समजलं आणि त्या पदराने तोंड पुसत उठल्या. "असू दे हां. मी येतंय."

बाई फडकं घेऊन तशाच उभ्या होत्या. मला वाटलं पुसतील. पुसलं नाही. दिवसभर ते नाव तिथे होतं. सकाळपासून जेवढे लोक आले तेवढ्यांनी ते वाचलं होतं, आणि कुणीतरी शेजारी खडूने हसरा चेहराही काढून ठेवला होता. बाई त्या चेहऱ्याकडे बघत म्हणाल्या, "हे मी काय केलं गो, शैला."

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"तो सांगत होता," बाई म्हणाल्या. "सांगत होता की."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला घाणा निघाला तेव्हा त्यांनी मला हाक मारून खाली बोलावलं. एकटीने जाववत नव्हतं त्यांना. स्टीलचा मोठा डबा उकळत्या पाण्यातून काढून कोरडा केलेला होता, झाकण घट्ट. आत पाव होते, मुश्ताकभाईंनी मुद्दाम सैल पिठाचे केलेले. हॉस्पिटलच्या समोर आल्यावर बाई म्हणाल्या, "माफी कशी मागतात गं? मी आयुष्यभर मुलांकडून मागून घेतली."

ज्ञानोबा फुटपाथवर कठड्याला टेकून बसले होते. बाईंना बघितल्याबरोबर ते घाईघाईने उठले, चपला शोधून पायात घातल्या आणि हात जोडले. मी पुढे होऊन काही सांगणार तोच ते म्हणाले, "नाव लिवून घेतलं व्हतं, त्याच्यासाठी आलात का? दंड किती असतो बाई? मी ईचारायलाच येणार व्हतो, पर हितून हलता आलं न्हाई."

बाई डबा दोन्ही हातांनी पुढे धरून उभ्या होत्या.

"दंड नाही हो," मी म्हटलं. "पाव आणलेत. तुमच्या बायकोसाठी."

त्यांनी डब्याकडे बघितलं. हात पुढे केले नाहीत. "आता नाकातनं नळी घातलीया तिला. रातच्याला. तोंडानं काय द्यायचं न्हाई म्हनले डाक्टर." मग बाईंचा चेहरा बघून, त्यांनाच समजावल्यासारखं म्हणाले, "आमचंच चुकलं बाई. हितलं कायदे आमाला म्हाईत न्हाईत."

"तुमचं नाही चुकलं," बाई म्हणाल्या. एवढंच. पुढचं वाक्य त्यांना जमलं नाही. नेहाच्या आईला किती सहज म्हणाल्या होत्या, वरती येऊन माफी मागेन. इथे जमलं नाही. ज्ञानोबांनी शेवटी त्यांचाच संकोच मोडावा म्हणून डबा घेतला, झाकण उघडलं आणि आजूबाजूच्या माणसांना पाव वाटले. एक स्वतःही खाल्ला, बाईंच्या देखत. "नरम हाय," म्हणाले.

ज्ञानोबांची बायको आठ-दहा दिवसांत गेली. मावशींकडून समजलं तोवर ज्ञानोबा तिला घेऊन गावाकडे निघून गेले होते. कोणतं गाव, हे मावशींना सांगता आलं नाही. ते मिळवणं शक्य होतं, पण बाईंनी मिळवलं नाही. "आता तिथे जाऊन त्याला आणखी हात जोडायला लावू?" म्हणाल्या.

फळा त्यांनी मावशी बोलून गेल्या त्याच संध्याकाळी खाली काढला होता. पिंपही गेलं. "पिशवी?" हा प्रश्न थांबला. कोणी प्लास्टिकची पिशवी पुढे केली तर बाई दुसरीकडे बघून पाव तिच्यात घालायच्या, घालताना कपाळाला आठी पडायची, पण तोंड बंद. लोक बुचकळ्यात पडले. काहींना वाटलं, बाई आजारी आहेत. चेअरमनसाहेब तर चक्क नाराज झाले, म्हणाले, "बाई, तुम्हीच ढिल्या पडलात तर आम्ही कुणाकडे बघायचं?" बाई म्हणाल्या, "माझ्याकडे नका बघू."

त्याच सुमारास एका रविवारी त्या मला घेऊन लालबागला गेल्या. प्लास्टिकच्या पिशव्यांच्या एका होलसेल दुकानासमोर थांबल्या. मालक प्रकाश, आमच्याच शाळेतला, माझ्या एक वर्ष मागे. बाईंना बघून तो स्टुलावरून उतरला आणि सवयीने हात मागे बांधून उभा राहिला.

"बाई, धाड घालायला आलात का?"

"पिशव्या हव्यात. खाण्याच्या. तोंड घट्ट बंद होतं अशा."

प्रकाश हसला. मग त्याला दिसलं की बाई हसत नाहीत. त्याने गुपचूप एक पुडकं काढून कागदात गुंडाळलं.

"कागद काढ," बाई म्हणाल्या. "झाकायचं काही नाही. आणि कोणी विचारलं तर सांग, ग्लोरियाबाई घेऊन गेल्या."

रोज सकाळी त्या पिशव्यांमधून सैल पिठाचे पाव हॉस्पिटलकडे जायला लागले. सुलभामावशी विचारून यायच्या, कोणाला चालेल, कोणाला नाही. दुकानातला बाकीचा व्यवहार पहिल्यासारखाच राहिला. गहू तोच, गूळ तोच, चादरीच्या पिशव्या खिळ्याला तशाच. बाईंचं मत काही बदललं नव्हतं. एकदा त्या मला म्हणाल्या, "प्लास्टिक वाईटच आहे गं. मी खोटं नव्हते बोलत. ते खरं होतं म्हणून तर मला कोणाचं ऐकायची गरज वाटली नाही."

मुश्ताकभाई एकदा त्यांना म्हणाले, "अब बस करो बाई, अल्लाह भी माफ कर देता है." बाई म्हणाल्या, "त्याचं मी काही बिघडवलंच नव्हतं, मुश्ताकभाई."

आणि मग ते बक्षीस आलं. पर्यावरणाचं काम करणाऱ्या एका संस्थेने बाईंची निवड केली. गल्लीतली बेकरी, धुराविना भाजणारी, जवळचं धान्य वापरणारी. दादरला हॉलमध्ये समारंभ. मला वाटलं नाही म्हणतील. बाईंनी विचारलं, "माणसं किती असतील?"

"भरपूर असतील, बाई."

"मग जाते. त्याचं नाव मी चारचौघांत लिहिलं. आपलंही चारचौघांतच सांगायला हवं."

त्यांनी ठेवणीतली निळी रेशमी साडी नेसली. शाल झाली, स्मृतिचिन्ह झालं, मनोगताला बाई उभ्या राहिल्या आणि काहीच प्रस्तावना न करता ज्ञानोबांची हकीकत सांगायला लागल्या. काही गाळलं नाही. आपण हसलो तेही सांगितलं. दंड किती, असं त्या माणसाने विचारलं ते सांगताना किनाऱ्याच्या हेलात त्या म्हणाल्या, "त्याला मी माफ करा म्हणाले नाय. आजपर्यंत म्हणाले नाय."

टाळ्या सुरू झाल्या. थांबेनात. पुढच्या ओळीतल्या बायका डोळे पुसत उभ्या राहिल्या, मागचेही उभे राहिले. अध्यक्षांनी माईक घेऊन सांगितलं, केवढी ही विनम्रता, यासाठीच बाईंना आणखी एक पुरस्कार द्यायला हवा. बाई माईकपाशीच उभ्या होत्या. त्यांनी एक हात वर केला, वर्गात गोंगाट झाला की करायच्या तसा. कोणी थांबलं नाही. लोकांना वाटलं, त्या अभिवादन करतायत.

टॅक्सीत परळ आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "टाळ्या वाजवल्या गं त्यांनी."

हॉस्पिटलच्या अलीकडे त्यांनी टॅक्सी थांबवायला लावली. "तू जा पुढे. शाल घेऊन जा."

मी उतरले नाही, पण टॅक्सीवाल्याला थोडं थांबायला सांगितलं. संध्याकाळ झाली होती. फुटपाथवर लोक पथाऱ्या घालत होते, कोणी स्टोव्ह पेटवत होतं, कोणी गावाला फोन लावून मोठमोठ्याने बोलत होतं. बाई थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग कठड्याला हात धरून, निळ्या साडीतच, खाली बसल्या. शेजारी एक म्हातारी कांदा चिरत होती. तिने बाईंना खालीवर न्याहाळलं. चांगल्या घरची बाई दिसते, आत कोणीतरी असणार, असं तिला वाटलं असावं.

"कोन हाय वो तुमचं आत?" तिने विचारलं.

बाईंनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हातारीने पुन्हा विचारलं नाही. तिने आपली चटई थोडी ओढून त्यांच्याखाली सारली. बाई नको नको म्हणत होत्या, उठायला बघत होत्या. तिने त्यांना दंडाला धरून खाली बसवलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. मी ठाण्याला आले, बाई भाचीकडे वसईला, आणि तिथेच त्या गेल्याचं मला मुश्ताकभाईंच्या फोनवरून फार उशिरा समजलं. मधल्या दिवसांत जिन्यात भेटल्या असतील, बोलल्याही असतील. त्यातलं काही आठवत नाही. त्या म्हाताऱ्या बाईने काय समजून त्यांची पाठ थोपटली, आणि बाईंनी ते कसं सोसलं, एवढंच समोर येतं. त्या संध्याकाळी टॅक्सीवाल्याने "चलें क्या?" म्हणून विचारलं. मी चला म्हटलं. मागच्या काचेतून पाहिलं तेव्हा बाईंनी मान खाली घातली होती आणि म्हातारीने आपल्या हातातली सुरी त्यांच्याकडे दिली होती, उरलेले कांदे चिरायला.